मैदानाबाहेरचा बिगुल

ड्रम अँड ब्यूगल कोअर म्हणजे पितळी वाद्ये, ड्रम आणि निशाणे घेऊन कवायत करणारे वादकांचे पथक. क्लॅरिनेट, फ्लूट, सॅक्सोफोन यांना त्यात जागा नसते, आणि शाळा-कॉलेजांच्या मार्चिंग बँडपासून हे पथक वेगळे ओळखू येते ते यामुळेच. या कलेचा सर्वांत मोठा विस्तार अमेरिकेत झाला. तिथल्या मोठ्या पथकात आज दीडशेच्या वर वादक आणि निशाणधारी असतात, बहुतेक विशी-बाविशीच्या आतले. दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम ते हिवाळ्यापासून घोटतात आणि उन्हाळाभर बसमधून गावोगाव फिरून सादर करतात. हा कार्यक्रम बसवलेला असतो अमेरिकन फुटबॉलच्या मैदानासाठी: ९१.४ मीटर लांब, ४८.८ मीटर रुंद, पाच-पाच यार्डांवर आखलेल्या पांढऱ्या रेघा, आणि समोर उंच चढत गेलेल्या प्रेक्षकांच्या रांगा.

असे असूनही या पथकांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी किल्ल्याच्या प्रांगणात, रंगभूमीवर, बर्फात, जहाजाच्या डेकवर आणि स्मारकाच्या कमानीखाली वाजवले आहे. जागा बदलली की वादकांमधले अंतर बदलते, आवाजाची वाट बदलते, प्रेक्षकाची नजर कुठून पडते तेही बदलते. म्हणून ही ठिकाणे नुसती गमतीची यादी राहत नाहीत. मैदानावर सहज वाटणाऱ्या कोणत्या गोष्टीवर ही कला उभी आहे, ते या ठिकाणी गेल्यावर दिसते.

मुळात ड्रम आणि बिगुल या दोन वाद्यांची जागा रणांगणाची. साध्या बिगुलाला कळा नसतात. ओठांचा ताण बदलून त्यातून जे पाच-सहा नैसर्गिक स्वर निघतात, त्यांवरच सगळे भागवायचे. पण ते स्वर मोकळ्या हवेत लांबवर ऐकू जातात, आणि छावणीत उठण्यापासून दिवे मालवण्यापर्यंतच्या सूचना देण्यासाठी तेवढे पुरेसे असतात. ड्रमने चालीचा वेग ठरायचा. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांनी अमेरिकन लीजनसारख्या संघटनांच्या शाखांमधून पथके उभारली. १९२१ मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात लीजनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे चर्च, बालवीर संघटना आणि पोलीस यांनी मुलांची पथके काढली. शिकागोचे कॅव्हेलियर्स १९४८ मध्ये बालवीरांच्या एका तुकडीतूनच निघाले. अधिवेशनाच्या गावातला मुख्य रस्ता, शस्त्रागाराचे मोठे दालन आणि जत्रेचे मैदान या त्या काळातल्या नेहमीच्या जागा. कवायतीत लष्करी शिस्त इतकी मुरलेली होती की पथकाने मैदानाच्या एका टोकाच्या रेषेवरून सुरुवात करून दुसऱ्या टोकाच्या रेषेपलीकडे बाहेर पडावे, असा नियम अनेक वर्षे चालला.

१९७१ मध्ये पथकांनी एकत्र येऊन ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही स्वतःची संस्था काढली. १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाचे ॲनाहाइम किंग्जमेन विजयी ठरले. नियम हळूहळू सैल झाले. बिगुलाला अधिक कळा आल्या, २००० सालापासून जी स्वरातल्या बिगुलांचे बंधन गेले, २००४ पासून ध्वनिवर्धकांना परवानगी मिळाली. मैदान मात्र तेच राहिले.

त्या मैदानाचे गणित समजल्याशिवाय इतर जागांची अडचण कळत नाही. २० अंश सेल्सियस तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मैदानाच्या मागच्या कडेला उभ्या वादकाचा आवाज पुढच्या कडेपर्यंत यायला सुमारे ०.१४ सेकंद लागतात. हे अंतर क्षुल्लक वाटते. पण मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले, तर एक भाग ०.०९४ सेकंदाचा होतो. म्हणजे मागचा ड्रम आणि पुढचा झायलोफोन दोघेही संचालकाच्या हाताकडे पाहून अगदी एकाच क्षणी वाजले, तरी प्रेक्षकाला मागचा आवाज दीड भाग उशिरा ऐकू येईल आणि सगळा तुकडा विस्कटेल.

यावर पथकांनी शोधलेला उपाय सुंदर आहे. मागे फिरणारे ड्रमवादक संचालकाच्या हाताकडे पाहून लय धरतात. त्यांच्या पुढे उभे असलेले पितळी वादक, आणि सर्वांत पुढे मांडलेल्या मोठ्या तालवाद्यांवरचे वादक, डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवतात. मागून आलेला ड्रमचा आवाज आपल्यापाशी पोहोचला की त्याच्या जोडीने ते आपला स्वर सोडतात, आणि मग दोन्ही आवाज मिळून पुढे प्रेक्षकांकडे जातात. प्रेक्षक एकाच बाजूला असतो, म्हणूनच हे साधते. बाजू बदलली, भिंत आली किंवा छत आले की हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

स्टेडियम बदलले तरी हे घडते. १९८१ आणि १९८२ साली डीसीआयची अंतिम फेरी प्रथमच अमेरिकेबाहेर, कॅनडातील माँट्रिऑलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये झाली. १९७६ च्या खेळांसाठी बांधलेला तो काँक्रीटचा अवाढव्य वाडगा. पहिल्या वर्षी सांता क्लारा व्हॅनगार्ड आणि दुसऱ्या वर्षी ब्लू डेव्हिल्स तिथे जिंकले. कोलोरॅडोतील डेन्व्हरला १९७७, १९७८ आणि २००४ मध्ये अंतिम फेऱ्या झाल्या. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे. तिथल्या विरळ हवेत धावत-धावत ट्यूबा किंवा ट्रम्पेट फुंकणाऱ्या मुलांना धाप लवकर लागते, आणि समुद्रकाठच्या गावांतून आलेल्या पथकांना तर ती अधिकच जाणवते.

छत असलेल्या स्टेडियमची अडचण वेगळ्या जातीची आहे. २००९ पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. ते छत उघडमीट होणारे आहे. स्टेडियम वेळेत पूर्ण न झाल्याने २००८ ची फेरी ऐन वेळी ब्लूमिंग्टनला न्यावी लागली होती. उघड्या मैदानात समोर गेलेला आवाज पुन्हा ऐकू येत नाही. बंद वास्तूत तो शंभर मीटरवरच्या भिंतीवर आदळून अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिराने परत येतो, आणि ज्या वादकाला कानांवर भरवसा ठेवायला शिकवले आहे, त्याच्याच कानात चुकीची लय घालतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरून ढोल-ताशा पथक जाताना दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून आवाज जसा दाटून येतो, तसा तो इथेही दाटतो. फरक इतकाच की ढोल-ताशाला तो दाटपणा हवाच असतो, आणि इथे मात्रेच्या चौथ्या हिश्श्याचे तुकडे एकमेकांत मिसळून जातात. तरीही पाऊस, वीज आणि वारा यांपासून सुटका होते म्हणून आयोजकांना छत सोयीचे वाटते. कानाने ऐकणाऱ्या जुन्या रसिकांना मात्र उघडे मैदान सुटल्याची खंत आजही आहे, आणि तिच्यात तथ्य आहे.

त्याच रसिकांची आवडती जागा स्टेडियमच्या बाहेर असते: गाड्या उभ्या करायचे आवार. कार्यक्रमापूर्वी पथके तिथे डांबरावर वर्तुळ करून उभी राहतात आणि हात-ओठ गरम करून घेतात. प्रेक्षक चार-पाच फुटांवर येऊन ऐकतो. स्टेडियममध्ये शंभर मीटरवरून दिसणारे वादक इथे चेहऱ्यानिशी दिसतात, स्नेअर ड्रमच्या कातड्यावर पडणाऱ्या काठीचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, आणि एखादा अवघड तुकडा संथ लयीतून पुऱ्या लयीपर्यंत कसा चढवतात तेही समजते. या जागेला ना तिकीट लागते ना गुण असतात. कलेचे कसब जवळून समजून घ्यायचे असेल तर अंतिम फेरीपेक्षा हे आवार अधिक शिकवते. दौऱ्यातले उरलेले दिवसही अशाच आडजागी जातात: रात्री बसमध्ये, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेच्या फरशीवर झोप, आणि दिवसभर तिच्या मागच्या मैदानावर तालीम.

उन्हाळ्यात वाढलेल्या या कलेला हिवाळ्यात नेले तेव्हा काय झाले, याचे उदाहरण म्हणजे १९८० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड इथे भरलेले हिवाळी ऑलिंपिक. मॅसॅच्युसेट्समधील रिव्हियर गावच्या ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स या पथकाने त्या सोहळ्यात वाजवले. बर्फातल्या वादनाचे संकट केवळ बधिर बोटांचे नसते. पितळी वाद्याचा स्वर आतल्या हवेच्या स्तंभावर ठरतो, आणि थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो. २० अंशांवर लावलेल्या वाद्यातली हवा खरोखरच उणे १० अंशांवर गेली, तर स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने उतरेल. वादकाचा उबदार श्वास ही घसरण बरीच थोपवतो; पण वाद्य खाली धरून पथक पाच मिनिटे उभे राहिले की पुन्हा सुरुवात करताना प्रत्येकाचा स्वर वेगळ्या ठिकाणी असतो. कडक उन्हात याच्या उलट होते. पितळी वाद्ये चढतात, तर व्हायब्राफोनच्या धातूच्या पट्ट्या किंचित उतरतात, त्यामुळे दोघांमधली दरी वाढते.

स्वरापेक्षाही मोठी अडचण श्वासातल्या ओलाव्याची. तो कळांमध्ये गोठतो आणि कळ अडकते. धातूचे मुखपात्र ओठाला चिकटते, म्हणून थंडीत वाजवणारे वादक प्लॅस्टिकचे मुखपात्र वापरतात. कळा नसलेला जुना बिगुल या बाबतीत निर्धास्त असतो. त्यात गोठून अडकेल असे काहीच नसते. १९८५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रेगन यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या दिवशी दुपारचे तापमान उणे १४ अंशांच्या आसपास होते. मिरवणूक रद्द झाली, शपथविधी संसदभवनाच्या घुमटाखाली झाला, आणि देशभरातून आलेल्या बँडपथकांना शहराबाहेरच्या एका बंदिस्त क्रीडागृहात एकत्र आणून त्यांचे वादन झाले.

छताखाली स्वेच्छेने गेलेल्या पथकांची गोष्ट याहून वेगळी. मैदानावरच्या निशाणधाऱ्यांना हिवाळ्यात सराव हवा, म्हणून शाळांच्या व्यायामशाळांमध्ये स्पर्धा सुरू झाल्या आणि १९७७ मध्ये विंटर गार्ड इंटरनॅशनल ही संस्था निघाली. बास्केटबॉलचे अंगण जेमतेम २८.७ मीटर लांब आणि १५.२ मीटर रुंद. त्यावर पथके रंगवलेले प्रचंड ताडपत्री कापड अंथरतात. लाकडी जमीन जपली जाते आणि तेच कापड नेपथ्यही होते. १९९० च्या दशकात ड्रमवादक या अंगणात उतरले. अंतरे लहान झाल्याने आवाजाच्या उशिराचा प्रश्न मिटला, आणि वादकाच्या चेहऱ्यावरचा भाव प्रेक्षकाला दिसू लागला. मग नृत्य, अभिनय आणि कथानक यांना वाव मिळाला. मैदानावरच्या आजच्या कार्यक्रमांतली नाट्यमयता बरीचशी या व्यायामशाळांतून आलेली आहे.

पण सर्वांत धाडसी पाऊल इंडियाना राज्यातल्या स्टार ऑफ इंडियाना या पथकाने टाकले. ब्लूमिंग्टनचे उद्योगपती बिल कुक यांच्या पाठबळावर ते १९८५ मध्ये मैदानात उतरले आणि १९९१ मध्ये डीसीआयचे विजेते झाले. १९९३ साली त्यांनी सॅम्युएल बार्बर आणि बेला बार्टोक यांच्या कठीण, कर्कशतेकडे झुकणाऱ्या संगीतावर बसवलेला कार्यक्रम आणला. अवघ्या एक दशांश गुणाने त्यांचे विजेतेपद हुकले. त्यानंतर त्यांनी स्पर्धाच सोडली. पुढच्या वर्षी ते कॅनेडियन ब्रास या नामवंत वाद्यवृंदाबरोबर ‘ब्रास थिएटर’ घेऊन फिरले, आणि जेम्स मेसन यांच्या दिग्दर्शनाखाली या प्रयोगांतून ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय कार्यक्रम घडला. डिसेंबर १९९९ मध्ये तो लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलो नाट्यगृहात आणि एप्रिल २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला.

एवढ्या मोठ्या मैदानी पथकाला नाट्यगृहात बसवताना जवळजवळ प्रत्येक गोष्ट नव्याने ठरवावी लागली. मैदानावर प्रेक्षक वरून पाहतो, त्यामुळे वादकांच्या रांगांनी जमिनीवर काढलेली वर्तुळे, तिरप्या रेषा आणि फिरते चौकोन हेच मुख्य दृश्य असते. नाट्यगृहात पुढच्या रांगेतला प्रेक्षक खालून पाहतो. त्याला ही चित्रे दिसतच नाहीत. म्हणून माणसे कमी केली गेली, भूमितीच्या जागी उभे नेपथ्य, रंगीत प्रकाश आणि नृत्य आले. आवाजाचेही तसेच. शंभर मीटर लांब पोहोचवण्यासाठी कमावलेला जोर बंद सभागृहात असह्य होतो, तेव्हा वादकांना हळुवार वाजवणे नव्याने कमवावे लागले. कार्यक्रमाची सुरुवात राव्हेलच्या ‘बोलेरो’ने होई: अंधारात एकटा स्नेअर ड्रम, मग एकेक वाद्य मिळत जाऊन शेवटी सारा मंच भरून जाई. एकचाकी सायकलवरून ट्रॉम्बोन वाजवणारा वादकही त्यात होता. मध्यंतरात वादक थेट बाहेरच्या दालनात येऊन प्रेक्षकांच्या गर्दीत वाजवत. ब्रॉडवेवर या कार्यक्रमाचे १८० प्रयोग झाले आणि २००१ चा विशेष नाट्यकृतीसाठीचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला. ज्या कलेला नाट्यसमीक्षकांनी तोवर ढुंकूनही पाहिले नव्हते, तिच्यासाठी ही मोठीच मान्यता होती.

युरोपात ड्रम आणि बिगुल पथकांची परंपरा लष्कराशी अधिक घट्ट बांधलेली राहिली. तिचा सर्वांत प्रसिद्ध रंगमंच म्हणजे स्कॉटलंडमधील एडिंबरा किल्ल्यासमोरचे प्रांगण. १९५० पासून दर ऑगस्टमध्ये तिथे लष्करी वाद्यसंचलनाचा महोत्सव भरतो. प्रांगण चिंचोळे, तीन बाजूंना प्रेक्षक, आणि चौथ्या बाजूला किल्ल्याचा दरवाजा. पथके त्या दरवाजातून खंदकावरच्या पुलावरून बाहेर येतात. समोर एकच प्रेक्षक गृहीत धरून केलेली रचना इथे चालत नाही; दोन्ही बाजूंनी पाहता येईल अशा लांबट रांगाच लागतात. २००३ मध्ये या लष्करी महोत्सवात स्वित्झर्लंडमधील बासेलच्या टॉप सिक्रेट ड्रम कोअर या नागरी पथकाने वाजवले आणि प्रेक्षकांना जिंकले. १९९१ मध्ये निघालेल्या या पथकात बिगुल नाही. पंचवीसएक ड्रमवादक आणि काही निशाणधारी, काठ्यांची हवेतली फेकाफेक आणि घड्याळासारखी अचूक हातचलाखी, एवढ्यावर ते उभे आहे. पुढे या पथकातल्या मंडळींनीच आपल्या शहरातल्या जुन्या बराकींच्या चौकात २००६ पासून बासेल टॅटू हा तसाच महोत्सव सुरू केला.

बासेलमध्ये ड्रम मुळातच घरोघरी आहे. तिथला हिवाळ्याच्या अखेरीचा उत्सव, फास्नाख्ट, सोमवारी पहाटे बरोबर चार वाजता सुरू होतो. त्या क्षणी शहराच्या जुन्या भागातले सगळे दिवे मालवले जातात, आणि रंगवलेल्या मोठ्या कंदिलांच्या उजेडात मुखवटे घातलेली मंडळे ड्रम आणि पिकोलो वाजवत अरुंद गल्ल्यांतून चालू लागतात. पुढचे बहात्तर तास हा उत्सव चालतो; २०१७ मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. ड्रमच्या पथकासाठी याहून विलक्षण जागा आणि वेळ शोधून सापडणार नाही.

अमेरिकेच्या राजधानीत मात्र लष्करी पथकांची ठिकाणे सरकारी इतमामाची आहेत. मरीन सैन्याचे ड्रम अँड ब्यूगल कोअर १९३४ मध्ये उभे राहिले. आज व्यावसायिक पातळीवर जी स्वरातले, दोन कळांचे बिगुल टिकवून ठेवणारे हे बहुधा सर्वांत ठळक पथक. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी ते १८०१ मध्ये स्थापन झालेल्या मरीन बराकींच्या अंगणात वाजवते. हे अंगण चहूबाजूंनी विटांच्या इमारतींनी वेढलेले, त्यामुळे आवाज आतच राहतो. मंगळवारी तेच पथक नदीपलीकडे आर्लिंग्टनच्या टेकाडावर, इवो जिमा बेटावर झेंडा रोवणाऱ्या सैनिकांच्या भव्य कांस्यशिल्पासमोर असते. तिथे प्रेक्षक गवतावर बसतात, भिंत कुठेच नाही, पोटोमॅक नदीवरून विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांचा आवाज मध्येच येतो, आणि सारा जोर वादकाच्या फुफ्फुसांवर येतो. भूदलाचे ओल्ड गार्ड फाइफ अँड ड्रम कोअर १९६० मध्ये निघाले. अमेरिकन क्रांतियुद्धाच्या काळातल्या वादकांसारखे लाल कोट, दोरीने ताणलेले ड्रम, छोट्या बासऱ्या आणि एका कळेचे बिगुल घेऊन हे पथक व्हाइट हाउसच्या दक्षिण हिरवळीवर परदेशी पाहुण्यांच्या स्वागताला वाजवते.

बिगुलाची सर्वांत हृद्य जागा बेल्जियममध्ये आहे. ईपर शहराच्या वेशीवर उभे असलेले मेनिन द्वार १९२७ मध्ये खुले झाले. पहिल्या महायुद्धात त्या परिसरात मरण पावलेल्या आणि ज्यांना थडगेही मिळाले नाही अशा चोपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्याच्या भिंतींवर कोरली आहेत. त्यांत चारशेहून अधिक नावे तत्कालीन हिंदी सैन्यातल्या जवानांची. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये लाहोर डिव्हिजनचे शिपाई इथे खंदकांत उतरले होते. शहराच्या पोलीसप्रमुखांच्या पुढाकाराने १९२८ साली इथे रोज संध्याकाळी ‘लास्ट पोस्ट’ हा बिगुलनाद करण्याची प्रथा सुरू झाली. दररोज आठ वाजता वाहतूक थांबवली जाते आणि शहराच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे बिगुलवादक कमानीखाली उभे राहून वाजवतात. वरचे छत कमानदार. त्यामुळे मोजक्या स्वरांचा हा नाद लांबत जातो, एक स्वर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. मैदानी पथकाला जी गोष्ट बाधते तीच इथे उपकारक ठरते, कारण ही रचना संथ आहे आणि तिच्या स्वरांमध्ये थांबायला जागा आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर घेतल्यावर २० मे १९४० पासून इथला बिगुल बंद झाला. त्या काळात हा रोजचा विधी इंग्लंडमधील ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत चालू ठेवला गेला. ६ सप्टेंबर १९४४ रोजी पोलिश सैन्याने ईपर मुक्त केले, आणि शहराच्या काही भागांत लढाई चालू असतानाच त्या संध्याकाळी कमानीखाली पुन्हा बिगुल वाजला. ९ जुलै २०१५ रोजी या विधीची संख्या तीस हजारांवर पोहोचली. वेगवेगळ्या देशांची ड्रम आणि बिगुल पथके इथे येऊन या विधीत सहभागी होतात. अशा वेळी टाळ्या वाजवल्या जात नाहीत.

समुद्रही या वाद्यांना नवा नाही. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये ड्रम वाजवणारा प्रत्येक जण बिगुलवादकही असतो, आणि ही मंडळी बँडच्या पुढे चालतात. १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या बँडमधल्या वादकांनी जखमींना वाहून नेण्याचे काम केले. ११ जुलै १९८२ रोजी सैनिकांना घेऊन कॅनबेरा हे प्रवासी जहाज साउदॅम्प्टनला परतले, तेव्हा त्याच जहाजाच्या डेकवर त्यांनी वाद्ये हाती घेतली. भारतातही अशी एक जागा आहे. १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याच्या स्मरणार्थ ४ डिसेंबरला नौदल दिन पाळला जातो, आणि त्या निमित्ताने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नौदलाचा बँड सूर्यास्ताचा बिगुल आणि संचलन सादर करतो. एका बाजूला बेसॉल्टची भव्य कमान, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र; किनाऱ्यावरचा वारा आवाज कधी प्रेक्षकांकडे आणतो, कधी पाण्यावर घेऊन जातो. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणारा बीटिंग रिट्रीट याच कुळातला. तिथे रायसीना टेकडीचा उतार आणि नॉर्थ-साउथ ब्लॉकच्या तटांवर रांगेने उभे राहिलेले उंटस्वार हेच नेपथ्य असते.

गेल्या वीसएक वर्षांत या पथकांना एक निराळेच प्रेक्षागृह मिळाले: चित्रपटगृह. डीसीआयच्या स्पर्धा अमेरिकेतल्या शेकडो चित्रपटगृहांत थेट दाखवल्या जाऊ लागल्या. कॅमेऱ्यामुळे वादकाची बोटे दिसतात. पण संपूर्ण मैदानावरची आकृती आणि एकट्या वादकाचा चेहरा एकाच वेळी पाहता येत नाही. त्यामुळे काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय दिग्दर्शकाच्या हातात जातो. २०२० मध्ये महासाथीमुळे डीसीआयचा संपूर्ण हंगाम रद्द झाला, १९७२ नंतर प्रथमच. २०२१ मध्ये पथके इंडियानापोलिसला जमली ती गुणांविना, केवळ सादरीकरणासाठी.

दक्षिण आफ्रिकेत ही कला गेली ती पाहुणी म्हणून नव्हे, कायमची राहायला. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, तिथे फील्ड बँड फाउंडेशन ही संस्था सुरू झाली. अमेरिकन ड्रम कोअरच्या धर्तीवर तिने कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्त्यांतल्या मुलामुलींची पथके बांधली. सात वर्षांपासून विशीपर्यंतची मुले शाळा सुटल्यावर वस्तीतल्या धुळीच्या मैदानावर जमतात. आखलेल्या रेघा नाहीत, उंच प्रेक्षागार नाही. वाद्यांमध्येही स्थानिक निवड झाली: पितळी वाद्यांबरोबर मरिंबा आणि स्टीलचे ड्रम आले, आणि कवायतीची जागा बरीचशी नृत्याने घेतली. ते साहजिकच होते, कारण त्या वस्त्यांत गाणे आणि नाचणे वेगळे काढता येत नाही. वाद्यवादनाबरोबर आरोग्याचे, विशेषतः एड्सपासून बचावाचे शिक्षणही याच तालमींतून दिले गेले. नॉर्वेतल्या बँड संघटनेशी देवाणघेवाण सुरू झाली. तिकडचे तरुण वादक शिकवायला आले आणि इकडचे नॉर्वेला गेले. पुढे याच मुलांतले अनेक जण शिक्षक होऊन आपल्या वस्तीतली पथके चालवू लागले.

किल्ला, नाट्यगृह, बर्फाचे मैदान या जागी ही पथके कार्यक्रमापुरती आली आणि गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या वस्त्यांमध्ये वाद्ये, शिक्षक आणि पुढच्या वादकांची पिढी तिथेच राहिली. ड्रम अँड ब्यूगल कोअरने फुटबॉलच्या मैदानाबाहेर जिथे जिथे वाजवले, त्यांत सर्वांत मोलाची जागा हीच म्हणावी लागेल.